डेंग्यूत कोलेस्टेरॉल एवढं खाली कसं आलं, आणि तेल-तूप बंद केलं तर व्हायरस उपाशी मरतो का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जुळे सोलापुरातल्या एका भावाने विचारलंय, अप्पांना डेंग्यू झालाय, एनएस-वन (रक्तात डेंग्यूच्या व्हायरसचं प्रोटीन शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलंय, ॲडमिट आहेत, आणि तिथं केलेल्या तपासण्यांत टोटल कोलेस्टेरॉल ९८ आलं. तीन महिन्यांपूर्वी तेच कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना १६४ होतं. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, ८८ चं ४१ झालं, आणि एचडीएल, म्हणजे चांगलं, ४४ चं २०. भेटायला येणारे म्हणतात बरंच झालं की, तापाने चरबी जळाली, आता गोळी कशाला घ्यायची. आणि कुणीतरी मोबाईलवर पाठवलंय की व्हायरस चरबीवर जगतो, तेल तूप दूध अंडी सगळं बंद करा, तो उपाशी मरतो. यातलं खरं किती, असा भावाचा प्रश्न आहे.

मी मायक्रोबायॉलॉजीतला, सोलापुरातच लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, पावसाळा संपत आला की रोज डेंग्यूचेच नमुने बघतो. सरळ सांगतो. व्हायरस आपली चरबी वापरतो हे खरं आहे, अगदी शंभर टक्के. ताटातलं तेल बंद केल्याने तो मरतो हे खोटं. आणि कोलेस्टेरॉल असं धाडकन खाली येणं ही खुशखबर नाही, अप्पांचं शरीर आजाराशी झगडतंय त्याची ती खूण आहे. आता हे तिन्ही एकाच वेळी खरं कसं ते जरा निवांत वाचा, कारण हे नीट कळलं की मोबाईलवर येणाऱ्या निम्म्या सल्ल्यांची गरजच उरत नाही.

पहिली गोष्ट, इथे चरबी म्हणजे पोटावरची चरबी डोळ्यासमोर आणू नका. आपल्या प्रत्येक पेशीभोवती जे पातळ आवरण असतं तेच मुळात चरबीचं, दोन थरांचं, त्यात फॉस्फोलिपिड असतात, कोलेस्टेरॉल असतं, आणि पेशीच्या आतसुद्धा अशाच चरबीच्या घड्या आणि पिशव्या भरलेल्या असतात, शिवाय साठवणीचे बारीक तेलाचे थेंब असतात त्यांना लिपिड ड्रॉपलेट म्हणतात. एकदम सडपातळ माणसाच्या पेशीतही हे सगळं असतंच, नसेल तर पेशीच नाही.

आणि डेंग्यूच्या व्हायरसकडे स्वतःचं काय असतं, तर एक आरएनएचा, म्हणजे जनुकीय माहितीचा, धागा आणि त्यावर फक्त १० प्रोटीनची माहिती. त्या दहातलं एकही प्रोटीन चरबी बनवू शकत नाही. पण व्हायरसच्या अंगावर आवरण मात्र चरबीचंच असतं. मग ते आलं कुठून? आपल्याकडून. आपल्या सोलापूरच्या भाषेत सांगायचं तर तो फक्त मागावर नक्षी ठरवणारं जॅकार्डचं पंच कार्ड घेऊन येतो, माग आपला, सूत आपलं, वीज आपली, आणि चादर निघते त्याच्या डिझाईनची.

आता तो आत कसा शिरतो ते बघा, मला हा भाग फार आवडतो. पेशी मरायला लागली की तिच्या आवरणातली फॉस्फॅटिडिलसेरीन नावाची एक चरबी, जी एरवी आतल्या बाजूला असते, ती बाहेरच्या बाजूला येते. ती शेजारच्या पेशींना दिलेली खूण असते की मी मेलेय, मला उचलून खाऊन टाका. डेंग्यूचा व्हायरस आपल्याच पेशीतून तयार होऊन निघाल्यामुळे त्याच्या आवरणातही ही चरबी असते, आणि पेशीवरचे जे रिसेप्टर मेलेला कचरा उचलण्यासाठी असतात तेच त्याला पकडून आत घेतात. २००८ मध्ये हा प्रकार देवीच्या जातकुळीतल्या व्हॅक्सिनिया व्हायरसमध्ये दाखवला गेला आणि २०१२ मध्ये डेंग्यूमध्येही.

आत गेला तरी तो अजून एका पिशवीत कोंडलेला असतो, तिला एंडोसोम म्हणतात. या पिशवीत हळूहळू आम्ल वाढतं, आम्ल वाढलं की व्हायरसचं वरचं प्रोटीन आकार बदलतं, त्याचं आवरण आणि पिशवीचं आवरण एक होतं, आणि आरएनए पेशीत सुटतो. पण नुसतं आम्ल पुरत नाही, डेंग्यूला त्या पिशवीच्या भिंतीत ऋण भाराची चरबी लागते आणि तशी चरबी मुख्यतः पिकलेल्या, आत खोलवर गेलेल्या एंडोसोममध्येच असते. म्हणजे दाराशी येऊन तो लगेच उघडत नाही, योग्य जागी पोचल्यावरच उघडतो, आणि योग्य जागा आली हे त्याला कळतं ते चरबीवरून!

मग सुरू होते खरी लूट. आपल्या पेशीत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाचं घड्याघड्यांचं जाळं असतं, व्हायरस त्याच्या भिंतीला आतल्या बाजूने छोटे छोटे फुगे पाडतो आणि त्या फुग्यांत बसून आपल्या आरएनएच्या प्रती काढतो, म्हणजे पेशीच्या पहारेकऱ्यांना ते सहजासहजी दिसतही नाही. एवढे फुगे पाडायचे तर जादा चरबी लागणार, म्हणून त्याचं एनएस-थ्री नावाचं प्रोटीन आपलं चरबी बनवणारं एन्झाइम, फॅटी ॲसिड सिंथेज, ओढून थेट कामाच्या जागी आणून बसवतं. हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली की हाच व्हायरस पेशीला तिचे साठवलेले तेलाचे थेंब मोडायला लावतो आणि त्यातून निघालेलं फॅटी ॲसिड जाळून जी ऊर्जा मिळते ती स्वतःच्या प्रती काढायला वापरतो. एकीकडे नवीन चरबी बनवायला लावतो आणि दुसरीकडे जुनी जाळायला लावतो, म्हणजे बघा किती हिशेबी आहे. तयार झालेले नवे व्हायरस त्याच जाळ्याच्या भिंतीचा तुकडा अंगावर लपेटून बाहेर पडतात.

आता अप्पांच्या एनएस-वनकडे येऊ. ती पट्टी तुम्ही बघितली असेल, प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत पांढरी पट्टी, त्यावर सीरमचे थेंब टाकले की ओल हळूहळू वर चढत जाते, आधी कंट्रोलची रेघ उठते आणि पॉझिटिव्ह असेल तर खाली दुसरी गुलाबी रेघ येते, कधी गडद तर कधी इतकी फिकी की उजेडात तिरकी धरून बघावी लागते. ती रेघ ज्या प्रोटीनमुळे उमटते ते एनएस-वन रक्तात एकेकटं फिरत नाही, सहा सहा जण मिळून एक पिंपासारखा आकार करतात, आणि त्या पिंपाच्या पोटात साधारण ७० चरबीचे रेणू भरलेले असतात. २०११ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा लक्षात आलं की आतली चरबी बरीचशी आपल्या एचडीएलमध्ये असते तशीच आहे, तेच एचडीएल ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो. शिवाय हे एनएस-वन रक्तातल्या खऱ्या एचडीएललाही जाऊन चिकटतं. आणि हेच एनएस-वन रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला धक्का लावतं, त्यामुळे रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. डेंग्यूत माणूस जातो तो बहुतेक वेळा या झिरपण्याने, नुसत्या प्लेटलेट कमी झाल्याने नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

तर कोलेस्टेरॉल कशाने पडलं? एकाच कारणाने नाही. लिव्हरला सूज असते आणि कोलेस्टेरॉलच्या गाड्या म्हणजे एलडीएल-एचडीएल मुख्यतः लिव्हरच्या कामावर चालतात, तिथलं उत्पादन मंदावतं. रक्तवाहिन्या झिरपतात तेव्हा पाण्याबरोबर हे कणही बाहेर जातात. जोरात इन्फेक्शन असलं की सुजेच्या रसायनांमुळे एचडीएल तसंही घसरतं, न्यूमोनियात घसरतं, कोविडमध्येही घसरलेलं आपण सगळ्यांनी बघितलं. म्हणून अप्पांचा ९८ हा आकडा म्हणजे पथ्याचं फळ नाही. उलट ज्यांचा डेंग्यू गंभीर होतो त्यांच्यात टोटल आणि एलडीएल जास्त खाली गेलेलं दिसतं, असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. याचा अर्थ घाबरून जा असा नाही, एका आकड्यावरून पेशंटचं काही ठरत नाही, पण कुणी पेढे वाटायला निघालं असेल तर त्याला थांबवा.

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, मात्र अशा वेळी उलट वर जातात. थोडे वाढले तर काळजी नाही. पण ताप हटतच नाही, फेरिटिन (लोह साठवणारं प्रोटीन, सूज असली की वाढतं) प्रचंड वाढलंय, सगळ्या रक्तपेशी खाली येतायत आणि ट्रायग्लिसराइड २६५ च्या वर गेलेत असं सगळं जुळून आलं तर डॉक्टर वेगळ्या दिशेने विचार करतात, शरीराची प्रतिकारशक्तीच बेभान होऊन स्वतःच्या रक्तपेशी खायला लागलीय का अशी शंका असते. ते त्यांचं काम, तुम्ही फक्त रिपोर्ट जपून ठेवा.

आता तेल-तूप. कळकळीने सांगतो, अप्पांचं खाणं तोडू नका. पेशी चरबी बनवते ती काही फक्त तुम्ही खाल्लेल्या तुपातून नाही, भात-भाकरीतल्या पिठूळ पदार्थांतूनही बनवते, आणि कोलेस्टेरॉल तर बहुतांश शरीर स्वतःच तयार करतं. माणूस उपाशी राहिला तर शरीर साठवलेली चरबी मोडून रक्तात सोडतं, म्हणजे ज्याच्यापासून व्हायरसला तोडायला निघालात तेच तुम्ही पेशींच्या दारात नेऊन ठेवताय. व्हायरसला जी चरबी लागते ती पेशीच्या आतली, एकेका पिशवीच्या भिंतीतली, तिथपर्यंत ताटातलं पथ्य पोचत नाही. उपासाने खंगतो तो पेशंट.

हां, तेलकट नको असं डॉक्टर म्हणाले असतील तर त्याचं कारण वेगळं आहे. लिव्हर सुजलेली असते, मळमळ असते, तळलेलं बघून उलटी येते. म्हणून हलकं द्या, मऊ भात-वरण त्यावर चमचाभर तूप चालतं की, मुगाची खिचडी, ताक, शहाळं, ओआरएस, कडक भाकरी जाईल तर दुधात कुस्करून द्या. शेंगाचटणी चार दिवस राहू दे बाजूला, तोंडाला चव आली की अप्पा स्वतःच मागतील. बकरीचं दूध आणि पपईच्या पानांचा रस यावर पैसे आणि पळापळ घालवण्यापेक्षा अप्पा दिवसभरात किती पाणी प्यायले आणि लघवी किती वेळा झाली ते कागदावर लिहून ठेवा, राऊंडला आलेल्या डॉक्टरांना त्याचा खरा उपयोग होतो.

कोलेस्टेरॉलची गोळी. इथे दोन उलट मेसेज फिरतायत, एक म्हणतो आकडा खाली आला गोळी थांबवा, दुसरा म्हणतो स्टॅटिनने, म्हणजे याच गोळीने, व्हायरसची चरबी तुटते, डबल घ्या. दुसरी कल्पना वेडगळ नव्हती हं, प्रयोगशाळेतल्या पेशींवर स्टॅटिनने डेंग्यूची वाढ कमी होताना दिसली होती, म्हणून व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या ३०० मोठ्या माणसांवर लोव्हास्टॅटिन या स्टॅटिनची रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल छापून आला. गोळी सुरक्षित ठरली पण आजारात फायदा काही दिसला नाही, रक्तातला व्हायरसही त्यामुळे लवकर गेला नाही. पेशींवर चाललं म्हणजे माणसावर चालतं असं नसतं, आमच्या क्षेत्रात हे पुन्हा पुन्हा दिसतं. तेव्हा डेंग्यूचं औषध म्हणून स्टॅटिन नाही. आणि हृदयासाठी चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंदही नाही. एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) खूप वाढले असतील किंवा अंगदुखीबरोबर सीपीके (स्नायूंची तपासणी) वाढलं असेल तर डॉक्टर स्वतःच काही दिवस थांबवतील. अप्पांना ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते मात्र आजच्या आज ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगा, गृहीत धरू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून देऊ नका.

मग एवढं सगळं माहीत असूनही चरबी तोडणारं औषध का निघत नाही, असा प्रश्न मला विद्यार्थीही विचारतात. कारण ती यंत्रणा आपली आहे. हिपॅटायटिस सी चं उदाहरण घ्या, तो व्हायरस तर चरबीत इतका बुडालेला असतो की रक्तात फिरतो तो जवळजवळ आपल्याच कोलेस्टेरॉलच्या कणाचं सोंग घेऊन, त्याचं प्रोटीनचं कवच तेलाच्या थेंबांवर बसून तयार होतं, आणि त्याचा जीनोटाइप ३ हा उपप्रकार, जो आपल्या देशात बराच सापडतो, तो स्वतःच लिव्हरमध्ये चरबी साठवतो. त्याला पेशीतलं एक चरबी बदलणारं एन्झाइम लागतंच लागतं. म्हटलं ते बंद करू, तर उंदरांमध्ये ते बंद केल्यावर उंदीरच मेले. शेवटी हिपॅटायटिस सी आटोक्यात आला तो व्हायरसच्याच प्रोटीनवर नेम धरणाऱ्या गोळ्यांनी. तरीसुद्धा या वाटेवर लोक काम करतायत आणि मला ते बरोबर वाटतं, कारण व्हायरस स्वतःचं प्रोटीन पटापट बदलून औषधाला चकवतो पण आपलं एन्झाइम त्याला बदलता येत नाही.

आपलं शरीर स्वतः ही युक्ती वापरतं बरं का. इन्फेक्शन झालं की इंटरफेरॉनचा, म्हणजे धोक्याची सूचना देणाऱ्या प्रोटीनचा, निरोप मिळतो आणि पेशी कोलेस्टेरॉलला थोडं बदलून २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल बनवतात, त्याने आवरणाची घडण अशी बदलते की बऱ्याच व्हायरसना आत मिसळताच येत नाही. थोडक्यात कोलेस्टेरॉल नुसतं शत्रूच्या बाजूचं नाही, आपल्याही हातातलं हत्यार आहे. म्हणून पण ते शून्यावर आणायच्या नादाला लागू नये.

साबणाचंही याच्याशीच नातं आहे. कोविड, फ्लू यांच्या अंगावर चरबीचं आवरण असतं, साबण किंवा सॅनिटायझर लागलं की ते फुटतं आणि व्हायरस निकामी होतो. पण पोलिओ, उलट्या-जुलाब करणारा नोरो, हिपॅटायटिस ए यांना ते आवरणच नसतं, त्यांच्यावर सॅनिटायझर कमी पडतो, साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवावेच लागतात. हिपॅटायटिस ए तर रक्तात असताना आपल्या पेशीचं आवरण पांघरूनच असतो, लिव्हरमधून पित्तात उतरला की पित्त ते आवरण धुऊन काढतं आणि विष्ठेत तो उघडाच बाहेर पडतो. आषाढीला पंढरपूरला जाताना खिशात नुसती सॅनिटायझरची बाटली ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, साबणाची वडीही ठेवा.

आणि शेवटची चरबीची गोष्ट डासाची, कारण अप्पांना डेंग्यूच्या एडिस डासाची मादी चावलीय, घरात किंवा कामाच्या जागी. कीटकांना स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवताच येत नाही, ते बाहेरूनच मिळवावं लागतं, एडिसच्या मादीला ते आपल्या रक्तातूनही मिळतं. व्होल्बाकिया नावाचा जिवाणू डासात सोडला की तो तेच कोलेस्टेरॉल स्वतःसाठी ओढतो आणि डेंग्यूला पुरत नाही, डासात डेंग्यू नीट न वाढण्याचं हे एक कारण मानतात. इंडोनेशियात योग्याकार्ताला असे डास सोडले तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या केंद्रातही असे डास तयार केलेत. ते आपल्यापर्यंत येईल तेव्हा येईल. आज आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही म्हणून घरोघरी बॅरल, हौद, टाक्या भरलेल्या, आणि एडिसला तेवढंच हवं असतं. बॅरल रिकामं करून नुसतं विसळू नका, काठाला आतून घासा, अंडी तिथं चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पुढच्या वेळी पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा आणि झाकण कपड्याने घट्ट बांधा, आज घरी गेलात की हेच आधी करा, कारण घरातल्या बाकीच्यांनाही तीच मादी चावणार आहे.

अप्पांच्या बाबतीत पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. ताप उतरला की लोक सुटलो म्हणतात, पण झिरपणं बहुधा तेव्हाच वाढतं. पोटात जोरात दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त, गुंगी किंवा अस्वस्थपणा, हातपाय गार, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर सिस्टरना लगेच उठवा. रिपोर्टमध्ये प्लेटलेटच्या जोडीला पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिट बघायला शिका, तो चढत असेल आणि प्लेटलेट उतरत असतील तर रक्त घट्ट होतंय, पाणी बाहेर जातंय. वय जास्त, शुगर आहे किंवा वजन बरंच आहे अशा पेशंटकडे डॉक्टर जास्त बारीक लक्ष ठेवतात, त्यातलं अप्पांना काय लागू होतं ते त्यांना सांगून ठेवा.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची तपासणी, आत्ता पुन्हा करू नका, पैसे वाया जातील. पूर्ण बरे झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी करा, जमलं तर पहिल्याच लॅबमध्ये, आणि तीन महिन्यांपूर्वीचा, आत्ताचा आणि तेव्हाचा असे तिन्ही कागद घेऊन गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. आकडा परत १६० च्या आसपास गेला तर पथ्य मोडलं म्हणून अप्पांना रागावू नका, लिव्हर पुन्हा कामाला लागली एवढाच त्याचा अर्थ. गोळीचा डोस ठरेल तो त्या रिपोर्टवर, या ९८ वर नाही.